लहान हातांच्या माणसाची स्कूटर

काउतोकेइनो,
रविवार, २ मार्च १९९७

सुन्ना, माझ्या लेकरा,

सगळ्यांच्या आधी कोण टपकलं असेल, सांग! बेर्गित. शेजारीण, दुसरी कोण? तुझ्या मिहकालमामाने तुझं जाडजूड पाकीट टेबलावर टाकलं, मी अजून चष्मा शोधतेय, तोवर ही बाई दारात उभी राहून बुटांवरचा बर्फ झटकतेय. म्हणे, "राउदना, आल्ताहून काहीतरी आलंय म्हणे तुला." पाकीट माझं, नात माझी, आणि बातमी आधी बेर्गितला! मग तिला न्यायला म्हणून तिचा नवरा आसलाक आला, तोही बसला. मग मिहकाल गोठलेल्या मिश्या पुसत पुन्हा आत आला, तोही बसला. कॉफीची किटली दोनदा चढवावी लागली आणि वाळवलेल्या मांसाची अख्खी तंगडी संपली, कारण आसलाकच्या हातात सुरी असली की तो बोलता बोलता कापत जातो आणि कापता कापता खात जातो.

पाकिटातलं तुझ्या वर्कशॉपचं ते चित्रांचं पुस्तक सगळ्यांनी मिळून पाहिलं. मुलगी दाखवायला आणावी तसं. बेर्गितला काय आवडलं असेल? बर्फावर चालवायची एक लाल स्कूटर, बाजूंना पिवळ्या ज्वाळा रंगवलेली. मी म्हटलं, "अगं, रेनडिअर बिथरून पार स्वीडनात जातील." ती म्हणे, "जाऊ देत, पण दिसेल कशी!"

तू लिहितेस की वर्कशॉपमध्ये तू एक जुनी स्कूटर पार उघडून नव्याने बांधतेयस, ती वसंतात कळपाबरोबर किनाऱ्याकडे निघणाऱ्या एका माणसासाठी आहे, आणि तिला काय काय लावावं ते आजीने सांगावं. बाळे, मी ते वाक्य तीनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने बेर्गितला ऐकू जावं म्हणून, आणि एकदा बेर्गित गेल्यावर पुन्हा. हाड मोडल्यापासून मला लोक एकच विचारतात, आज दुखतंय का. काय लावावं असं कोणी विचारलं नव्हतं.

तर ऐक. खालचा फिरता पट्टा लांब घे, मऊ बर्फात रुतत नाही. पोटाखाली जाड पत्रा हवाच, एप्रिलमध्ये दगड वर आलेले असतात. आणि त्या खरवडणाऱ्या तारा विसरू नकोस. मिहकालने गेल्या वर्षी त्या लावल्या नव्हत्या. नदीवर नुसता उघडा गोठलेला काच-बर्फ, वर भुरभुरीत काही नाही, मग इंजिनाला गारवा कुठून मिळणार? दर थोड्या वेळाने थांबून हा बापया टोपीत बर्फ भरून आणतोय आणि इंजिनावर ओततोय. तारा असल्या की त्या चालता चालता बर्फ खरवडून वर उडवतात. हे मी सांगत होते तेव्हा तो छताकडे बघत होता.

पण हा माणूस कोण ते तू लिहिलं नाहीस. बेर्गितचं म्हणणं, मुलगी माणसाचं नाव लिहीत नाही याचा अर्थ एकच असतो. मी तिला गप्प बसवलं. पण अर्थ एकच असतो ना?

माझं म्हणशील तर मी यंदा कळपाबरोबर जात नाहीये. मिहकाल म्हणाला, "आई, तू घरीच राहा." मीही म्हटलं, बरं झालं बाबा, उबेत बसून मोजे विणीन. लहानपणापासून एकही वसंत सुटला नाही, आता एक सुटला तर काय बिघडलं. तू काळजी करू नकोस.

माझं अक्षर हसण्यासारखं आहे, ठाऊक आहे. शाळेत गेले ते थोडे हिवाळे, तिथे परकी भाषा, परक्या बाई. आपल्या भाषेत लिहायला मला तूच शिकवलंस, याच टेबलावर, तुझे पुढचे दात पडलेले होते तेव्हा. त्याबद्दल देवाचे आभार, आणि तुझे त्याहून जास्त.

तुझी आजी,
राउदना


आल्ता,
शुक्रवार, ७ मार्च

आज्जी,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वर्कबेंचवर बसून वाचलं, त्यावर आता तेलाच्या बोटांचा एक ठसा उमटलाय. खरवडणाऱ्या तारा लावल्या. जाड पत्राही लावला. हाल्वोर म्हणाला, तुझी आजी इथे नोकरीला येते का विचार. (हाल्वोर माझ्याबरोबर काम करतो. वेल्डिंग त्याच्यासारखं आल्तात कोणी करत नाही.)

माणूस कोण ते ईस्टरला कळेल, तोवर बेर्गितकाकूला झुरू दे. पण त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर तू सल्ला कसा देणार? उंचीला तो लहान आहे. एका पायावर फार भार टाकत नाही. आणि थंडीत त्याचा उजवा अंगठा ऐकत नाही. तुला ठाऊकच आहे, स्कूटरचा वेग सगळा त्या अंगठ्याच्या खटक्यावर. दिवसभर दाबून धरायचा म्हणजे...

मला एक सुचलंय. त्याच्यासाठी मागे जोडायची बंद घसरगाडी करावी का? आत खुर्ची, वर छत, बाजूला खिडकी. चालवेल दुसराच कोणी, तो आत मजेत बसेल. तुला कसं वाटतं? खरं खरं सांग.

आणि तुझं ते घरी राहण्याचं... मोजे तर तू उन्हाळ्यातही विणतेस, आज्जी.

तुझी,
सुन्ना


काउतोकेइनो,
बुधवार, १२ मार्च

सुन्ना,

छत! खिडकी! खुर्ची! पडदे पण लाव ना.

रागावू नकोस, पण हे मला हसत हसत लिहिता येत नाही. माझी आजी म्हातारी झाली तेव्हा तिला होडीच्या आकाराच्या घसरगाडीत बसवायचे. कातडी पांघरायचे, वरून दोऱ्यांनी आवळायचे, आणि एक शांत नर रेनडिअर जुंपून रांगेत मध्ये सोडून द्यायचे. पुढे पिठाची पोती, मागे तंबूचे वासे, मधे आजी. मी लहान, तिच्या शेजारून पळत जायची. एकदा मी विचारलं, "आज्जी, मजा येते ना आत?" ती म्हणाली, "पिठाला विचार." बास, एवढंच.

तो तरी रेनडिअर होता, त्याचा धूर नव्हता. स्कूटरमागच्या गाडीत बसलेल्याने दिवसभर धूर खायचा, तोंडावर बर्फ झेलायचा, आणि चालवणाऱ्याला ओरडून सांगितलं तरी ऐकू जात नाही. तुझ्या माणसाला सामान करू नकोस. लहान असो, लंगडा असो, त्याला हँडल दे.

(बेर्गितने हे वाचलं आणि म्हणाली, "राउदना, बुटका, लंगडा, आणि अंगठा पण बाद! सुन्नाला आल्तात एक धड मिळू नये?" मी तिला म्हटलं, तुझ्या आसलाकचे दोन्ही अंगठे धड आहेत, काय उजेड पाडला? पण बाळे, आपल्यात म्हणून विचारते, स्वभाव तरी चांगला आहे ना? स्वभाव चांगला असेल तर मी बाकी सगळं मान्य केलंय. कालच केलंय, बटाटे सोलताना.)

अंगठ्याचं मला कळतं, कारण माझाही तसाच आहे. आपल्या भागात पहिली स्कूटर तुझ्या आजोबांनी, यूव्न्नाने आणली, पण चालवायची मी. यूव्न्ना कळपाकडे बघत बसायचा आणि खड्ड्यात घालायचा. मी रस्त्याकडे बघायची. इतके हिवाळे तो खटका दाबला की अंगठा आता सकाळी मला विचारून उठतो. तर हाल्वोरला म्हणावं, खटका असा फिरव की तो चार बोटांनी ओढता येईल, सायकलच्या ब्रेकसारखा. बोटं जास्त, दुखणं वाटलं जातं. हँडलच्या मुठी गरम होणाऱ्या घे. मी पूर्वी हसायची असल्या मुठींना, आता हसत नाही.

पाठीला टेकू लाव. आता तू म्हणशील आजीच बोलतेय का ही. होय. पाय धड नसला की पाठीवर सगळं येतं. पाय ठेवायची जागा दुखऱ्या बाजूला थोडी उंच कर. बसायला ते चकचकीत कातडं नको, थंडीत त्याचा पत्रा होतो. मी रेनडिअरचं कातडं पाठवते, हिवाळ्याच्या सुरुवातीचं, दाट केसांचं. समोरची काच उंच घे, पण डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नकोस. गोठली की काचेवरून बघता आलं पाहिजे. आरसे दोन्ही बाजूंना हवेत. लोक पुढे बघतात, पण जे काय हरवतं ते मागेच हरवतं. तुझी आई चार वर्षांची असताना एकदा आमच्या गाडीतून पडली आणि आम्हाला पुढच्या टेकडीवर कळलं. परत गेलो तर बर्फात बसून गाणं म्हणत होती. आणि इंजिनाजवळ छोटा डबा बसव, त्यात मांस कागदात गुंडाळून ठेवलं की मुक्कामाला पोचेपर्यंत गरम.

आता मुख्य गोष्ट. ही मी चांगुलपणाने सांगतेय, घाबरवायला नाही. आपल्या कळपाबरोबर निघायचं तर मिहकालची एक अट आहे, त्याच्या बापाचीही होती. ज्याला आपली घसरगाडी आपल्या हाताने सोडता आणि जोडता येत नाही, तो निघत नाही. मग तो कोणाचाही जावई असो. नदीवर बर्फाच्या वर पाणी आलं आणि स्कूटर बुडायला लागली, तर पाठीमागचं ओझं त्याच क्षणी सुटलं पाहिजे. तिथे हाक मारायला वेळ नसतो. तुझ्या माणसाला वाकून हुक सोडता येतो का?

मी त्याच्यासाठी हातमोजे विणायला घेतलेत. लाल-निळे, मनगटावर आपली नक्षी. अंगठा मोठा आणि आत दुहेरी लोकर. हाताचं माप कळव, म्हणजे ईस्टरला तयार ठेवीन. पाहुण्याला रिकाम्या हाताने भेटणं बरं नाही, आणि बुटक्या पाहुण्याला तर नाहीच, त्याला वाटायचं आपण हसलो.

आजी


आल्ता,
सोमवार, १७ मार्च

आज्जी,

बंद गाडी रद्द. खिडकी, छत, पडदे, सगळं रद्द. "पिठाला विचार" हे मी हाल्वोरला सांगितलं. मग उठून त्याने त्या गाडीसाठी कापलेले पत्रे भंगारात नेऊन टाकले.

खटका फिरवलाय. बोटांनी ओढायचा. टेकू, आरसे, उंच पायरी, सगळं तू सांगितलंस तसं झालंय. कातडं पोचलं, सीटवर बसवलं, वर्कशॉपमधले सगळे येऊन त्यावर हात फिरवून जातात.

स्वभाव? स्वभावाबद्दल निश्चिंत राहा. बोलणं थोडं जास्त आहे, पण मन असं की सांगून सोय नाही. मी जे काय आहे त्यातलं निम्मं त्याच माणसामुळे.

हाताचं माप: तुझ्या हाताएवढंच. अगदी तुझंच.

आता अडलंय ते हुकापाशी. नाही, त्याला वाकता येत नाही. उभं राहता येतं, थोडं चालता येतं, पण वाकून खाली हुकापर्यंत हात नेणं जमणार नाही. हाल्वोरने दोन प्रकार करून पाहिले, दोन्ही थंडीत अडकतात. तुला काही आठवतं का? आजोबांच्या वेळचं?

आणि आज्जी, तू गेल्या पत्रात घरी राहण्याबद्दल एक ओळ लिहिली नाहीस, आणि आरशांबद्दल पाच. खरं सांग ना.

सुन्ना


काउतोकेइनो,
शुक्रवार, २१ मार्च

लेकरा,

आधी हुक. यूव्न्नाची पाठ धरली होती त्या वर्षी त्याने हुकाच्या खिळ्याला चामड्याची वादी बांधली, कमरेएवढी लांब, आणि टोक सीटच्या मागे अडकवून ठेवलं. बसल्या बसल्या वादी ओढली की खिळा वर, ओझं मोकळं. पण खिळ्याला ग्रीज नको, ग्रीज थंडीत घट्ट होतं. म्हणून अडकत असेल तुमचं. खिळा कोरडा, थोडा सैल, आणि खाली निमुळता. परत जोडायला लांब दांड्याची लोखंडी आकडी कर, शेकोटीतून भांडं काढतो तशी. तिने गाडीची दांडी उचलायची, हुकात बसवायची, खिळा वरून सोडायचा. उभ्याने होतं सगळं. यूव्न्ना त्या वर्षी वाकला तो फक्त बूट काढायला, आणि तेही मीच काढायची.

बरं. आता तू खरं सांग म्हणतेस.

मिहकालने अंगणात गाड्या ओढून आणल्यात, भरायला सुरुवात केलीय. तंबूची कापडं, दोरखंड, पिठाची पेटी. मी खिडकीत बसते आणि विणते. काल काही निमित्त काढून काठी टेकत बाहेर गेले आणि गाडीवरच्या तंबूच्या कापडाला नाक लावून उभी राहिले. त्याला गेल्या वर्षीच्या धुराचा वास आहे अजून. चाहपे कुत्रा तर आत्ताच गाडीवर चढून बसलाय, खायलाही उतरत नाही, त्याला वाटतं विसरून जातील. मी त्याला म्हटलं, अरे, तुला नेणार आहेत.

त्यांची चूक नाही. मिहकाल निर्दय नाही. शरद ऋतूत मासळीच्या कोठारापाशी मी पडले, पाय मोडला, तेव्हा त्यानेच उचललं. परवा म्हणाला, "आई, त्या दिवशी तू माझ्या हातात काडीसारखी हलकी लागलीस. डोंगरात मध्येच काही झालं तर मी कळप सोडू की तुला?" तो रात्रीचं जेवण न जेवता उठला, म्हणून मीच म्हटलं, बस रे, मला तसंही यायचं नव्हतं.

पण सुन्ना, मला यायचं होतं.

किनाऱ्याजवळचा तो उतार तुला आठवतो ना, जिथला बर्फ सगळ्यात आधी जातो? माद्या तिथेच येऊन वितात. पहिलं पाडस उभं राहतं, पडतं, उभं राहतं, आणि घशातून ते घुर्र घुर्र करतं, आई तिकडून उत्तर देते. दरवर्षी ते ऐकते. ते ऐकलं की माझं वर्ष सुरू होतं. नाहीतर कॅलेंडर काय, दुकानदार फुकट देतो. सगळे गेल्यावर इथे राहणार शाळेतली पोरं, दुकानदार, आणि मी. बेर्गितही जाणार. तिच्यावाचून मी भांडू कोणाशी?

हे वाचून तू रडायचं नाहीस. मी खूप मिळवलंय. चांगला नवरा, चांगली माणसं, आणि म्हातारपणी लिहायला आलं. तुला पहिला दात आला तो मीच पाहिला, चमचा टण्कन वाजला, म्हणून रीतीप्रमाणे तुला पांढऱ्या नाकाची मादी मीच दिली. तिचा वंश केवढा झाला ते मी लिहीत नाही, किती ते लिहायचं नसतं. सांगायचं एवढंच, की तुझ्या माणसाला जायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद आहे. त्याला सांग, उतारावर इंजिन बंद कर आणि थोडा वेळ ऐक. माझ्या वाटचं.

मोजे झाले. माझ्या हातावर घालूनच माप घेतलं. छान बसतात.

आजी


आल्ता,
मंगळवार, २५ मार्च

आज्जी,

खिळा कोरडा केला. निमुळता केला. सुटतो! हाल्वोर काल दिवसभर वर्कशॉपच्या अंगणात उभा राहून नुसती वादी ओढत होता, लहान पोरासारखा.

शनिवारी येतोय, हाल्वोर आणि मी, मोटारीमागे स्कूटर बांधून. आम्हाला रविवारी संध्याकाळीच निघावं लागेल, सणाच्या सोमवारीही वर्कशॉपला सुट्टी नाही. जेवायला नळीची हाडं ठेव.

रडले नाही. थोडीच.

सुन्ना


काउतोकेइनो,
गुरुवार, ३ एप्रिल

सुन्ना, माझी सुन्ना,

तू दुष्ट आहेस, लबाड आहेस आणि देव तुझं भलं करो.

तू अंगणात दोऱ्या सोडत होतीस, तेव्हा इकडे स्वयंपाकघरात काय झालं ते तुला ठाऊकच नाही, म्हणून आधी तेच. दार उघडलं, हाल्वोर आला आणि दारात उजेडच उरला नाही. एवढा उंच, एवढा रुंद माणूस मी आपल्या घरात पाहिलेला नाही. चौकटीत वाकून आत आला आणि हात पुढे केला. हात कसला, फावडं! मी मोजे हातात घेऊन उभी. म्हटलं, "तुम्ही... बुटके नाही?" तो म्हणाला, "नाही, आजी. आईची तक्रार उलटीच असते." मी तरी मोजा पुढे केला. विणला तर होता ना त्याच्यासाठी. त्याने अगदी आदराने त्यात हात घालायचा प्रयत्न केला. दोन बोटांपुढे जाईना. बेर्गित कोपऱ्यात बसून कॉफीत तोंड बुडवून हसत होती, तिच्या नाकातून कॉफी आली.

मग त्याने मोजे माझ्याकडे परत दिले आणि म्हणाला, "ज्याचे आहेत त्याने घालावेत." आणि खिडकीकडे बोट केलं. मी बाहेर बघितलं. तू ताडपत्री ओढलीस. माझं कातडं, माझा टेकू, दुखऱ्या बाजूला उंच पायरी. कोणती बाजू ते मी लिहिलंच नव्हतं, आणि ती बरोबर माझ्याच बाजूला. मी खाली बसले. बेर्गितही हसायची थांबली. म्हणाली, "राउदना, बुटकी तूच की गं."

लहान हात, लंगडा पाय, बोलणं जास्त. आणि मी त्या बिचाऱ्याची कीव करत होते! टेबलावर बसून माझीच स्कूटर मीच सजवली, आणि मला कळू नये?

मग जेवताना त्या हाल्वोरने मिहकालला विचारलं, "तुमच्याकडे रेनडिअर किती?" सगळे चमचे थांबले. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, कोणाला बँकेतला आकडा विचारल्यासारखं आहे ते. तू टेबलाखाली त्याला लाथ मारलीस, ती मला लागली, तो भाग तुला माहीत आहे. पण तू मीठ आणायला उठलीस तेव्हा मिहकाल त्याला म्हणाला, "थोडे टेकडीच्या या बाजूला. थोडे त्या बाजूला. सुन्नाचे दोन नर कमी झालेत, ते कुठे गेले ते मला आज कळलं." म्हणजे पांढऱ्या नाकाच्या मादीच्या वंशातले दोन विकून तू ही स्कूटर घेतलीस. मी तुझ्या दाताला दिलं, तू माझ्या पायाला दिलंस. मी यावर काही लिहू शकत नाही, माझं अक्षर आधीच वाकडं आहे.

तुम्ही निघालात तेव्हा, मला न्यायचं का यावर मिहकाल नुसतं "बघू" म्हणाला होता. त्याचा चेहरा तू पाहिलास. मला रात्री वाटलं, स्कूटर आहे, पण मी नाही. सोमवारी तो नुसता गाड्या भरत राहिला. मंगळवारी सकाळी कॉफी संपवली, टोपी घातली आणि म्हणाला, "चल आई. तळ्यावर."

मागे भरलेली गाडी जोडली होती, मुद्दाम जड. मी मोजे घातले. छान बसतात, मी लिहिलंच होतं. चाहपे माझ्या आधी चढून पुढे बसला. बोटांनी खटका ओढला, आणि अंगठा नुसता आपल्या लोकरीत बसून राहिला, राजासारखा. गोठलेल्या तळ्यावर गोल फिरले. आरशात मिहकाल लहान लहान होत गेला, काठावर उभा, हात छातीशी बांधलेले. पलीकडच्या काठाला बेर्गित आणि आसलाक, आणि कोण कोण, सगळं गाव फिरायला निघाल्याचं सोंग करत होतं.

परत आले, थांबले. मिहकाल म्हणाला, "पाणी आलंय बर्फावर. काय करशील?" मी वादी ओढली. खिळा वर. मी पुढे निघूनही गेले, ओझं मागेच राहिलं. वळून आले. "आता जोड." उतरले. उतरायला वेळ लागला, खोटं कशाला सांगू, पण टेकूला धरून उतरले. आकडीने दांडी उचलली, हुकात घातली, खिळा सोडला. खट्ट.

तो म्हणाला, "पुन्हा."

मी पुन्हा केलं.

"पुन्हा, आई." मी म्हटलं, "मिहकाल, तुझा बाप एकदाच बघायचा." तो म्हणाला, "बापाने तुला उचलून आणलं नव्हतं." मग मी तिसऱ्यांदा केलं.

तो वळून कोठाराकडे गेला. मला वाटलं झालं, नाही म्हणायला शब्द सापडत नाही म्हणून निघून गेला. पण तो परत आला तो स्वयंपाकाची पेटी खांद्यावर घेऊन. किटली, पीठ, मीठ, तव्यासकट. माझ्या गाडीवर ठेवली, दोरीने आवळली, गाठ ओढून पाहिली. म्हणाला, "कॉफी तुझ्याकडे. तू मागे राहिलीस तर आम्ही उपाशी." आणि नाक पुसत गेला.

कळलं का तुला, सुन्ना? मला कोणी आवळून बांधलं नाही. पीठच माझ्या मागे बांधलंय.

बेर्गित आत्ता येऊन गेली. तिला आता तसाच टेकू हवाय, आणि वर पिवळ्या ज्वाळा. मी म्हटलं, वर्कशॉपला पत्र लिही, माझी नात उत्तर देते. आणि त्या मोठ्या माणसासाठी मी दुसरे मोजे घेतलेत विणायला. लोकर तिप्पट लागतेय. त्याला सांग, आकडा विचारल्याचं कोणी मनावर घेतलेलं नाही, मिहकाल तर ते सगळ्यांना सांगून हसतोय. तुम्हा दोघांनाही आमच्याबरोबर यायचंय, आणि उताराला पोचलो की हाल्वोरला इंजिन बंद करून माझ्याजवळ उभं राहायचंय, थोडा वेळ गप्प.

माद्या आत्तापासूनच नाक उत्तरेकडे करून उभ्या राहायला लागल्यात, त्या आपल्यासाठी थांबणार नाहीत. दुकानदाराच्या फुकटच्या कॅलेंडरवर मी निघायच्या दिवसाला खूण केलीय आणि शेजारी तुमची दोघांची नावं लिहिलीयत, हाल्वोरचंही, बरोबर लिहिलंय की नाही ते तो बघेल: गुरुवार, चोवीस एप्रिल.

तुझी आजी,
राउदना